सदलग्याची उत्तरं

"सरकारची मानसं अशी लाजत न्हाईत गं. ही दुसरीच कुनीतरी हाय."

"लाजतीया म्हणूनच तर धाडली आसंल. आपन बोलून बसावं म्हणून."

सदलग्याच्या शाळेचं कुंपण कमरेएवढं होतं आणि त्या दोन बायका पलीकडे उभ्या होत्या. मी व्हरांड्यात हेडमास्तरांची वाट बघत होते. मला ऐकू येतंय हे त्यांना माहीत होतं, बहुतेक मला ऐकू यावं म्हणूनच त्या बोलत होत्या. मी पिशवीतले कागद चाळत राहिले, न ऐकल्यासारखं करून. हे मला लहानपणापासून चांगलं जमतं.

त्या दिवशी पुढं काय झालं ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. अलीकडे दोघांना सांगितलं, पण तुकड्यातुकड्यानं, जेवढं लागेल तेवढंच. सगळं, पहिल्यापासून, आत्ता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही माझ्याबद्दल काय समजाल, हा विचार येतोच मनात. येऊ दे.

मी बेळगावची, कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. फिजिक्स घेऊन पदवी झाली आणि एका कॉलेजात संशोधनाच्या कामाला मदतनीस म्हणून लागले. आमचे सर पुण्याहून आलेले. त्यांचा मूळ विषय भौतिकशास्त्र, पण त्यांना नाद लागला होता तो मुलांच्या डोक्यातल्या आकाशाचा. पृथ्वी गोल आहे हे चौथीतलं पोर घडाघडा म्हणतं. पण त्याला ते पटलेलं असतं का? पृथ्वी गोल असेल तर खालच्या बाजूची माणसं पडत का नाहीत? आपण चालताना चंद्र बरोबर का येतो? असे प्रश्न घेऊन गावोगावच्या शाळांत जायचं, आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून आणायचं. मूल एकटं हवं, वर्गात बसलेलं हवं, प्रश्न ठरलेल्या क्रमानंच विचारायचे. सरांची ही शिस्त होती.

मदतनीस आम्ही दोघी. दुसरी शालन, निपाणीची. तिची आई बिड्या वळायची, आणि वस्तीतली विज्ञान घेऊन पदवी मिळवलेली ही पहिलीच मुलगी. मोठ्यानं हसायची, मोठ्यानं भांडायची. आमच्याकडच्या बायकांसारखी "मी जातो, मी येतो" बोलायची — जे माझ्या तोंडून कॉन्व्हेंटनं कधीच काढून टाकलं होतं. मला ती हाकच मारायची, "ए कॉन्व्हेंट." वर्षाच्या शेवटी आमच्यापैकी एकीला सरांच्या हाताखाली पीएच.डी.ची जागा मिळणार होती, विद्यावेतनासकट. एकच जागा. माझ्या घरी त्यावाचून काही अडणार नव्हतं. शालनच्या घरी त्या जागेवर सगळं होतं. आईनं बिड्या सोडाव्यात, एवढंच ती म्हणायची, पण रोज म्हणायची.

प्रश्नांच्या कागदावर पहिला प्रश्न होता — घरी कोणती भाषा बोलता?

पुण्याच्या माणसाला यात काय वाटणार? नोंदीचा साधा प्रश्न. पण आमच्या भागात कुठलं गाव कुठल्या राज्यात जाणार, हे भांडण मी जन्मायच्या आधीपासूनचं. हातात कागद घेऊन जो कोणी घरची भाषा विचारेल, तो मोजायला आला. कुणासाठी, ते मागाहून कळणार. शालननं कागद बघितला, सरांसमोर काही बोलली नाही, जिना उतरताना मला म्हणाली, "ह्यो सवाल पुसून टाक. न्हाईतर पोरं तोंड उघडायची न्हाईत." मला वाटलं, हिला मला चूक करायला लावायची आहे. नियम मोडला की मी जागेतून बाद. — खरंच, हेच वाटलं मला. मी माणसं बघते आणि आधी हेच शोधते, की हिला काय हवंय.

म्हणून सदलग्यात मी पहिला प्रश्न पहिलाच विचारला.

पहिली मुलगी म्हणाली, "दोन्ही." मराठी आणि कानडी, दोन्ही. छान, मी लिहून घेतलं. पृथ्वी कशी आहे — गोल की सपाट? "दोन्ही." मी हसले. ती हसली नाही. चालतं कोण, चंद्र की आपण? "दोन्ही." दुसरा मुलगा आला. दोन्ही. तिसरी आली, दारातूनच माझ्याकडे बघत. माझं विचारून व्हायच्या आधी तिचं दोन्ही म्हणून झालं होतं. दुपारपर्यंत त्या शाळेतल्या एकाही पोरानं मला दुसरा शब्द दिला नाही. कुंपणापाशी आता बऱ्याच बायका जमल्या होत्या.

हेडमास्तर चहा देता देता हसायला लागले. "घरातनं सांगून धाडलंय हो, बाई. कुनी कायबी इचारलं तर दोन्ही म्हणायचं. मग कुठलंबी सरकार येऊ दे, पोरगं सुटतंय."

आज कळतं, त्या शाळेतलं खरं संशोधन ते एक वाक्य होतं. ते जसंच्या तसं नेऊन सरांना दिलं असतं तर? पण मला दिसले ते रिकामे कागद. आणि शालनचे भरलेले कागद, जे मी अजून पाहिलेही नव्हते. लाजरी मुलगी, खेड्यातल्या पोरांशी बोलता येत नाही, कॉन्व्हेंट — असं सगळे म्हणणार. मी निपाणीच्या स्टँडवर उतरले. बेळगावची गाडी यायला वेळ होता. रसवंतीच्या बाकावर बसले आणि लिहायला लागले.

नावं खरी होती. उत्तरं माझी.

मुलांच्या चुका मी पुस्तकांतून घेतल्या. कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकं होती, तिकडच्या देशांतली मुलं पृथ्वीविषयी काय काय समजतात याची. पृथ्वी ताटलीसारखी आहे. चंद्राला आपण आवडतो म्हणून तो मागं येतो. हे मी सदलग्याच्या पोरांच्या तोंडी घातलं, खरं वाटावं म्हणून मध्येच एखादं "म्हाईत न्हाई" टाकलं. मला मजा आली का? — हो. थोडी आली. हे लिहायला जड जातं आहे, पण आली.

पुढच्या आठवड्यात शालनबरोबर मी निपाणीला गेले. सदलग्यापर्यंत आम्ही एकेकट्या जात होतो. आता एकीनं विचारायचं, दुसरीनं साक्षीला बसायचं, असं सरांनी ठरवलं होतं. ती शाळेत गेलीच नाही. तिच्या गल्लीत एका खोलीत बायका-पोरी मांडीवर सुपं घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. ही त्यांच्यात मांडी घालून बसली, एक पान घेतलं, कातरीनं कापलं. एक म्हातारी म्हणाली, "पदवी घेतलीस, पर बिडी आजून ढिलीच हाय की गं तुझी." सगळ्या हसल्या. भाषेचा प्रश्न तिनं काढलाच नाही. बोलता बोलता विचारलं, "चंद्र का गं येतोय आपल्यासंगं?"

दहाएक वर्षांची एक पोरगी मान वर न करता म्हणाली, "त्यो कुठं येतोय? त्यो लांब हाय. यस्टीतनं बघ की. रस्त्याकडची बाभळ मागं पळतीया, लांबचा डोंगर पळत न्हाई. लांबचं मागं पडत न्हाई, म्हणून संगं आल्यागत वाटतंय."

बोट तंबाखूतच होतं तिचं. शालननं पृथ्वीचं विचारलं तर शेजारचा तिचा भाऊ म्हणाला, खालची माणसं पडत नाहीत, कारण खाली अमेरिका आहे आणि तिथं समदं पक्कं बांधलंय. त्यावर तर बायका खोकेपर्यंत हसल्या. मी दारालगत आतच बसले होते, भिंतीला टेकून. तंबाखूनं डोळ्यांतून पाणी येत होतं, ठसका लागत होता. पण सगळं ऐकत होते, शब्द न् शब्द. आणि मनात काय होतं? — की हे फार चांगलं आहे. इतकं चांगलं, की माझी सदलग्याची उत्तरं याच्या शेजारी ठेवली तर मेलेली दिसतील.

झालं उलटंच. सरांना माझी उत्तरं आवडली. का नाही आवडणार? त्यांनी वाचलेल्या पुस्तकांशी ती तंतोतंत जुळत होती. निपाणीची उत्तरं कशाशीच जुळत नव्हती. त्यांनी मला एकटीला खोलीत बोलावलं. बाभळीचं उत्तर त्यांच्यासमोर होतं.

"हे मूल बोलतंय, की शालन बोलतेय?" सर म्हणाले. "हुशार असतात हे लोक, पण फार घाई असते त्यांना. तुम्ही होता ना तिथं?"

"हे लोक" म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कळलं होतं. क्षणभर वाटलं, सरांना माझाच संशय आला आहे आणि ते मला शालनच्या आडून विचारताहेत. मी त्यांचा चेहरा निरखत होते. शालनची बाजू घेतली तर पुढचा प्रश्न सदलग्याचा येईल. तिथं साक्षीला कोण होतं? कुणीच नव्हतं.

"मी बाहेर होते, सर," मी म्हणाले. "तंबाखूनं ठसका लागला होता."

ठसका खरा होता. म्हणूनच त्यांना ते पटलं.

जागा मला मिळाली. शालनला नियम मोडल्याबद्दल कामावरून काढलं. बनवाबनवी हा शब्द सरांनी तिच्या तोंडावर उच्चारला नाही, पण कॉलेजात तो फिरत राहिला आणि मी तो अडवला नाही. ती निपाणीच्या एका शाळेत शिक्षिका झाली. जाताना माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीवर संशय घेत आले. तिनं कुणाला सांगितलं असेल? सदलग्याचं कुणी कॉलेजात आलं की मी नाव विचारून घ्यायची. एखाद्या विद्यार्थ्यानं साधं विचारलं, "मॅडम, ही उत्तरं कशी मिळवली?" तरी हा कुणी पाठवलेला आहे का, असं वाटायचं. कुंपणापलीकडच्या त्या बायकांसारखीच मी झाले होते. फरक एवढाच — त्यांच्या भीतीला कारण होतं, आणि माझं कारण मीच होते.

माझा प्रबंध झाला. मी डॉक्टर झाले. सदलग्याची मुलं आता मिसरूड फुटण्याच्या वयात असतील. त्यांनी न दिलेली उत्तरं मी वर्गात शिकवत होते.

यंदा सर निवृत्त झाले आणि त्यांनी सगळ्या कामाचं पुस्तक करायचं ठरवलं. छापखान्यातून आलेली पानं त्यांनी मला तपासायला दिली. त्यात एक परिच्छेद होता. निपाणीची उत्तरं मदतनीसानं स्वतः रचलेली असल्यामुळे वगळली आहेत, असं. पुढं शालनचं नाव, आडनावासकट. तोंडी कुजबुज एक असते. हे छापून येणार होतं, तिच्या शाळेच्या कपाटात जाऊन बसणार होतं.

मी आधी निपाणीला गेले. का? तिनं ओरडावं, मी ऐकून घ्यावं, आणि तेवढ्यावर भागावं — असंच काहीतरी मनात असणार. शालन शाळेतून नुकतीच आली होती. तिची आई आत सूप घेऊन बसली होती. अजून.

"काय काम काढलंस, कॉन्व्हेंट?" शालन म्हणाली. "इतक्या वर्सांनी फुकट कोन येत न्हाई."

मी सांगितलं. खोलीत होते ते, सरांना काय म्हणाले ते, आणि सदलग्याचंही. शालनच्या आईनं वळणं थांबवलं होतं.

"खोलीत हुतीस ते मला का सांगतीस?" शालन शेवटी म्हणाली. "मी हुतो की तिथं. माझ्याच शेजारी बसलीवतीस." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "सदलग्याचं मातूर मला ठावं नव्हतं."

तिनं चहा विचारला नाही. आमच्याकडे हे कुणी करत नाही, दारात आलेल्या परक्यालाही नाही. मी उठले. दारापर्यंत आल्यावर ती मागून म्हणाली, "मला सांगून तू मोकळी व्हनार आसशील, तर तसं हुयाचं न्हाई. ज्याला खोटं सांगितलंस त्येला जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिळकवाडीला सरांच्या घरी गेले. सर पेपर वाचत होते, काकू शेंगा सोलत होत्या. सरांनी पानं तपासून झाली का म्हणून विचारलं. मी खुर्चीवर बसले नाही. काकूंनी आत जावं असं वाटत होतं. त्या गेल्या नाहीत, आणि मी थांबले नाही.

"सर, निपाणीची उत्तरं खरी आहेत. मी बाहेर नव्हते, आत बसून ती ऐकली. सदलग्याची खोटी आहेत. ती स्टँडवर बसून मी लिहिली."