दोन रिकामे चौकोन

त्या कोड्यातला सगळ्यात सोपा शब्दच आम्ही भरला नव्हता. आडवा नऊ. 'अंगावर पट्टे, पाऊल मऊ, रानाचा मालक. दोन अक्षरं.' आता हे कुणाला येणार नाही? आमच्या गावातलं रांगतं पोरसुद्धा सांगेल. सांगेल म्हणजे, सांगणार नाही! तेच तर मला सांगायचंय.

आमचं गाव सुपा आणि कुळगीच्या मधल्या रानात. घरं थोडी, झाडं फार. आमच्याकडं घरातलं माणूस रानात गेलं की ते परत उंबऱ्याच्या आत येईपर्यंत त्या जनावराचं नाव घ्यायचं नाही. बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही. लिहिण्याचं कलम आईनं जोडलं, कारण आमच्याआधी गावात कुणी लिहीतच नव्हतं. फारच अडलं तर 'थोरला' म्हणायचं. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं. मग तो येतो, आणि घराकडं नाही येत, जो रानात आहे त्याच्याकडं जातो.

दर शुक्रवारी दादा सुप्याच्या टपालातून बेळगावचं साप्ताहिक आणायचा. मागच्या पानावर शब्दकोडं. ज्यांचं सगळं बरोबर येतं त्यांची नावं पुढच्या अंकात छापतात. आमचं कधी आलं नव्हतं, दर वेळी एखादा शब्द फसायचा. दादाला त्याची फार हौस. बा गेल्यापासून सगळं घर त्याच्याच खांद्यावर, त्याला दुसरी हौस कुठली! ह्या खेपेला तर निम्मं कोडं शुक्रवारीच सुटलं. मग उभ्या चौदाला गाडी अडली. 'चुलीविना हजारांचा संसार, कोठार मात्र भरलेलं. तीन अक्षरं.' मी म्हटलं वारूळ. दादा म्हणाला, न्हाई, वारूळ न्हाई. मग काय? तर म्हणे ठावं न्हाई, पण वारूळ न्हाई. भांडून भांडून आमची तोंडं दुखली, आणि त्या नादात आडवा नऊ भरायचा राहूनच गेला. शनिवारी पहाटे तो कुळगीच्या लाकडाच्या डेपोवर कामाला निघाला, तेव्हाही वाटेवरून वळून ओरडला, "वारूळ लिवलंस तर बघ!"

रविवारी गुरं परतायच्या आत येतो म्हणाला होता. आणि त्याच आठवड्यात थोरल्यानं ओढ्यावर शेजाऱ्यांचा बैल मारला होता.

शनिवारी संध्याकाळी अचानक दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे नवरे, खानापूरचे. तांदळाच्या कामानं सुप्याला आले होते, म्हणून सासुरवाडीला वळले. माणूस लाख मोलाचा, पण आवाज! खानापुरात शिंकले तर लोंढ्यात ऐकू जाईल.

रविवारी दुपारी मी घराच्या जगलीवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, कोडं घेऊन बसले होते. दाजी पान लावत शेजारी बसले. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी वाचायची, दाजी सांगायचे. 'लोहाराचा श्वास.' दाजी म्हणाले, भाता! मी उडीच मारली. मग ते कागदावर वाकले.

"अगे, हे काय? एवढं सोपं रिकामं ठेवलंईस?"

"दाजी, नको..."

पण दाजींनी ते नाव घेतलंच. मोठ्यानं. वर मांडीवर थाप मारली.

सुपाचा आवाज थांबला. आई उभी राहिली. जावयाला बोलायचं कसं, आणि गप्प तरी बसायचं कसं!

"पाव्हणं," ती म्हणाली, "आमटीत मीठ कमी म्हणलासा, ऐकून घेतलं. गादी टोचली म्हणलासा, त्येबी ऐकलं. पण ह्ये?"

"अवो आत्या, कागदावरचं कोडं हाय. कागद काय चावतोय व्हय?"

"कागद न्हाई चावत. माझा ल्योक कुळगीच्या वाटंवर हाय."

दाजींचं पान तोंडातच राहिलं. ऊन तेव्हा नुकतं खाचरांवरून उतरायला लागलं होतं. मला हे लक्षात आहे, कारण त्या क्षणापासून मी उन्हाकडंच बघत बसले.

कोडं मांडीवर होतं, पण अक्षरं दिसेनात. ऊन बांधावर आलं, बांधावरून फणसाच्या बुंध्यावर चढलं. दाजी मधेच हळूच म्हणाले, "आडवा चार मला ठावं हाय." कुणी विचारलं नाही. गुरं परत आली. घंटा वाजवत एकेक गाय आत गेली, धूळ खाली बसली, आणि वाटेवर कुणीच नव्हतं. आईनं दिवा लावला आणि चुलीपाशी बसली. माणूस बाहेर असताना चूल विझू द्यायची नाही, म्हणून ती जागची हलेना. नुसती लाकडं आत सारत होती, एवढी की धुरानं घर भरलं.

"मी जातो बगून येतो," दाजी उठले. "माझ्या तोंडानं झालंय."

"मीबी येतो," मी म्हटलं. आमच्याकडं पोरी असंच बोलतात. आईनं अडवलं नाही, तेव्हा मला जास्तच भीती वाटली.

गावाच्या कडेला थोरल्याच्या देवाचा दगड आहे. तिथून पुढं सागाचं रान सुरू होतं. अजून उजेड होता, पण झाडांच्या खाली नव्हता. दाजींनी टोपी काढली, दगडाला हात लावला, काय पुटपुटले कोण जाणे. मग छाती भरून त्यांनी दादाला हाक मारली. नावानं. पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट!

मी त्यांचं तोंड दाबायला धावले.

"दाजी! नावानं हाक मारलासा?"

"मग काय नंबरानं मारू?"

त्यांना कुठलं ठाऊक! आमच्या रानात तिन्हीसांजेला कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. नावानं हाक मारतं ते माणूस नव्हे. आम्ही नुसतं 'कूऽऽ' करतो. नावाची हाक ऐकली की ओ द्यायची नाही, हलायचं नाही, मागं बघायचं नाही. दादा जवळपास असला तरी आता तो ओ देणार नव्हता.

मी तोंडाशी हात धरून कू केलं. पुन्हा केलं. काही नाही. आधी नावानं हाक आलीय म्हटल्यावर मागून आलेली कू त्याला खोटीच वाटणार! माझ्या मनात आलं, तो असेल तर ऐकतोय आणि आम्हालाच घाबरतोय. मग वाटलं, आणि नसेल तर?

तेवढ्यात ओढ्याकडनं भेकर ओरडलं. कुत्र्यासारखं, तुटक तुटक. भेकर उगाच ओरडत नाही. थोरला चालायला लागला की ओरडतं. दाजींनी माझं मनगट धरलं, ते एवढं घट्ट की बांगडी रुतली.

"चल गे मागं," ते कुजबुजले. दाजी आणि कुजबुज!

माझे पाय मागं वळलेही. घरी जाऊन आईला काय सांगायचं? चुलीपाशी बसलीय ती. आणि मला दाजींचं बोलणं आठवलं. नंबरानं मारू काय! नाव कुणालाही ठाऊक असतं, रानातल्या त्या कशालाही. पण आमचं भांडण ठाऊक असणारा दुसरा कोण आहे? मी जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले.

"उभा चौदा! वारूळ!"

काही नाही. पानसुद्धा हललं नाही.

"वारूळच! मी शाईनं लिवलंय!"

आणि समोरच्या सागांच्या गर्दीतून, वरून, एकदम वरून, आवाज आला. चिडलेला, दबलेला.

"वारूळ न्हवं गे बये, मोहोळ! आनि वरडू नका, माझ्या डोसक्यावरच हाय!"

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. दाजी तर खालीच बसले.

दादा झाडावरून उतरला. गुडघे सोलवटलेले, धोतर फाटलेलं. आमच्याजवळ येऊन त्यानं पहिल्यांदा माझ्या पायांकडं बघितलं, सरळ आहेत का उलटे ते. मग दाजींच्या.

"दाजी, तुमी? खानापुरास्नं कवा आलासा?"

"काल आलो. माझा आवाज वळकला न्हाईस?"

"रानात तुमी कशाला असशीला? नावानं हाक आली, म्हणलं आता सपलं. चढलो दिसंल त्या झाडावर. चढल्यावर बगतोय तर वर मोहोळ. खाली तुमी, वर त्या माश्या. करू काय?"

घरी पोचलो. आईनं त्याला आत घेतलं, उंबऱ्याच्या आत दोन्ही पाय आलेले बघितले आणि मगच चुलीपासून उठली. पाणी दिलं. मग विचारलं, "उशीर का रं?"

"ओढ्याच्या उतारावर ताजी पावलं हुती. चिखलात पाणी भरत हुतं अजून. लांबची वाट धरली."

"कवा?"

"दुपार कलली तवा. खाचरांवरनं ऊन उतरत हुतं."

आईनं दाजींकडं बघितलं. दाजी खाली मान घालून पानाचं देठ खुडत बसले.

जेवल्यावर दादानं कोडं मागितलं. मी शाईनं काही लिहिलेलं नव्हतं, ते बघून त्यानं माझ्या डोक्यात टपली मारली. मोहोळ लिहिलं, सगळं बसलं. राहिले ते दोनच चौकोन.

"लिव आता," आई म्हणाली. "समदी आत हाईत."

दादानं पेन्सिल माझ्याकडं दिली. ह्या खेपेला आमचं नाव छापून येणार होतं, नक्की येणार होतं. मी टोक टेकवलं.

"थांब गे," दाजी म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

"का वो? मघा तुमीच तर..."

"उद्या ह्ये टपालात टाकायला सुप्याला कोण जाणार हाय? मीच न्हवं? एकटा?"

दादा माझ्याकडं बघायला लागला. नाव छापून यायची हौस त्याची होती, म्हणून मी त्याच्या तोंडाकडंच बघत राहिले. त्यानं माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि कानावर खोचली.

कोडं तसंच गेलं, दोन चौकोन रिकामे ठेवून. पुढच्या अंकात आमचं नाव नव्हतं. दादानं ती यादी वाचली, घडी घातली आणि नवं कोडं उघडलं.

आणि आता बघा, एवढं सगळं भराभर लिहून काढलं, पण ते नाव मी कुठंच लिहिलेलं नाही. दादा आज पहाटेच कुळगीला गेलाय.