जिन्यावरची मुलगी

ग्वाल्हेरला उतरलो तेव्हा ग्वाल्हेर दिसत नव्हतं. जानेवारीचं धुकं होतं. शहरात कुठेही उभं राहिलं तरी किल्ला दिसतो, असं आईने पुण्याहून निघताना बजावलं होतं. मी बऱ्याच ठिकाणी उभा राहून पाहिलं. शेवटी एका टपरीवर बेढई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि बटाट्याची झणझणीत भाजी खाल्ली आणि किल्ला आहे असं धरून चाललो.

माझ्या पिशवीत पुठ्ठ्यात बांधलेला एक फोटो होता. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी संगमरवरी जिन्याच्या पायथ्याशी उभी आहे. ही माझी आजी, आईची आई. आजी गेल्यावर हा फोटो तिच्या पेटीच्या तळाशी, शालूच्या घडीत सापडला. आईने तो मोठा करून घेतला, भिंतीवर लावला आणि त्याला चंदनाचा हार घातला. तेव्हापासून रोज सकाळी ती त्याला नमस्कार करते आणि आल्यागेल्याला सांगते, "बघा, नाक माझंच आहे." आजीने ग्वाल्हेरच्या दिवसांविषयी कधी चकार शब्द काढला नव्हता. तिची धाकटी बहीण अजून ग्वाल्हेरला होती. आईचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते, म्हणून फोटो घेऊन मी निघालो. आई म्हणाली होती, "मावशीला विचार, माझी आई लहानपणी कशी होती. एवढंच."

आमच्या घरात त्या जिन्यावरून आजीचं माहेर दरबारी ठरलं होतं. तेव्हा आधी मी महालातल्या संग्रहालयाचं तिकीट काढलं आणि जिने पाहत हिंडलो. पहारेकऱ्याने फोटो बराच वेळ निरखला.

"ऐसी सीढ़ी हमारे यहाँ नहीं है," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे पाहून पुढे म्हणाला, "पर अच्छी है."

फोटोच्या मागे पाटणकर बाजारातल्या एका स्टुडिओचा शिक्का होता. त्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दुकानदाराला स्टुडिओ आठवत नव्हता. एक कव्हर मात्र त्याने मला विकलं. ते माझ्या फोनला बसत नाही.

दुपारी हजिरा भागात मावशीआजीकडे पोचलो. धुकं विरलं होतं आणि तिच्या गच्चीवरून किल्ला चक्क समोर होता. नात स्वाती दारात म्हणाली, "काका, या ना, बैठो. आजी कब से तुमचीच वाट बघते आहे." मावशीआजी ऐंशीच्या पुढची, बारीक, ताठ. तिने मला आपादमस्तक पाहिलं.

"गाडी लेट झाली असेल. चाय घेशील ना? गजक खा आधी, ताजा आहे." गजक म्हणजे तीळगुळाची कुरकुरीत वडी. ती तोंडात असताना बोलता येत नाही. त्यामुळे पहिली काही मिनिटं तीच बोलली.

दोघी बहिणींचे वडील संस्थानच्या कचेरीत होते. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं आणि नोकरी राहते की जाते हे कुणालाच सांगता येईना. तेवढ्यात दोन्ही मुली उजवून टाकाव्यात, असं घरात ठरलं. आजोबांचं स्थळ आलं. ते सरकारात कारकून. त्या वेळचं सरकार सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला बसे. फायलींबरोबर कारकून जात आणि कारकुनांबरोबर बायका. त्या वर्षांत आजीने संसार मांडला कमी आणि बांधला जास्त. छप्पन साली मध्यभारतही गेलं, राजधानी भोपाळला झाली आणि आजी-आजोबा तिकडे गेले. आई तेव्हा कडेवर होती. मावशीआजीचे यजमान बिर्लानगरला मिलमध्ये होते.

"सरकार भोपाळला गेलं, मिल थोडीच गेली," ती म्हणाली. "मी राहिले."

मी फोटो काढून तिच्या हातात दिला. "ही आजी. आईला हिच्याविषयी सगळं ऐकायचं आहे."

तिने चष्मा पुसला. फोटो जवळ धरला, लांब धरला.

"ही अक्का नव्हे," ती म्हणाली. "ही मी आहे."

मला आधी हाराची आठवण झाली.

"एकाच दिवशी काढले दोघींचे. साडी एक, नथ एक. आधी अक्का उभी राहिली, मग आत जाऊन मला नेसवलं. मी बुटकी, म्हणून पायाखाली विटा ठेवल्या होत्या. बघ, साडी खाली कशी फुगली आहे."

"आणि जिना?"

"परदा होता रे. रंगवलेला. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मुलींची लग्नं त्याच जिन्यावरून जमली."

ती उठली, कपाट उघडलं. दाराला आतून एक फोटो चिकटवला होता. तीच साडी, तीच नथ, तोच जिना. मुलगी मात्र दुसरी, हनुवटी वर, कपाळाला आठी. ती आठी मी ओळखली. शाळेतून उशिरा आलो की ती दारात उभी असायची. आजी गेली त्यानंतर इतक्या वर्षांनी मला तिची अशी आठवण आली की घोटभर चहा तसाच राहिला.

"हार नाही घातला मी," मावशीआजी म्हणाली. "हार घातला की माणूस गेलं."

मग खाली मान घालून मी तिला पुण्याच्या भिंतीविषयी सांगितलं. स्वाती तोंडाला ओढणी लावून आत गेली. मावशीआजी हसली नाही.

"कुठे सापडला म्हणालास हा?"

"आजीच्या पेटीत. शालूच्या घडीत."

तिने फोटो मांडीवर ठेवला. "भोपाळला निघायच्या आदल्या दिवशी मी अक्कासमोर ठेवला होता. म्हटलं, घेऊन जा. तर म्हणाली, पेटीत जागा नाही. सकाळी बघते तर फोटो जागेवर नाही. भावजी जुने कागद फाडत होते, मला वाटलं त्यातच गेला."

"नंतर कधी विचारलं नाहीस?"

"कितीदा भेटलो, लग्नाकार्यात. पण विचारायचं कसं? नाही म्हणाली असती तर?" तिने पदराने काच नसलेला तो फोटो उगाच पुसला. "आणि ती तरी कशाला सांगते. जागा नाही म्हणून बसली होती ना. शब्द मागे घेणारी नव्हती अक्का." तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवले नाहीत. "नेला होता तर तिने."

निघताना तिने कपाटातला फोटो अलगद सोडवून मला दिला. मी म्हटलं, मोबाईलवर काढून घेतो. ती म्हणाली, "मशीनमधला नको. हा तुझ्या आईला दे. मला आता याच्याशिवाय चालेल." आपला फोटोही तिने परत पुठ्ठ्यात बांधला. "हार तेवढा काढा. पण मला खिळ्यावरून उतरवू नका. अक्काने जपलाय तो फोटो."

पुण्याला पोचलो आणि आईपुढे दोन्ही फोटो ठेवले. सगळं ऐकून ती कपाळाची आठी बघत राहिली. "आई," एवढंच म्हणाली आणि रडली. नाकाचा विषय तिने थोड्या वेळाने काढला. मी मावशीआजीचा निरोप सांगितला, "नाक आपल्या घरातलंच आहे, कुणाचंही समज." तो तिला पटला.

आईने भिंतीवरच्या फोटोचा हार उतरवला. आजीचा फोटो मात्र लावायचा कुठे? एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला घड्याळ. आईने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. ते अजून माझ्या खोलीत टेबलावर आडवं पडलं आहे.

संध्याकाळी मावशीआजीचा फोन आला, तो आईने स्पीकरवर घेतला. बरोबर दिलेला गजक सादळला नाही ना, हे तिने आधी विचारलं. मग म्हणाली, "अक्काला कुठे लावलंस गं?"

"तुझ्या शेजारी."

"भिंतीवर जागा होती?"

"नव्हती," आई म्हणाली. "केली."