कादंबरीतला मांत्रिक आणि पडद्यावरचा

ताई लग्नानंतर वर्षाच्या आतच माहेरी आली, ती परत जायचं नावच काढीना. आम्ही अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यामागच्या चाळीत राहायचो. वडील कारखान्यात मुकादम होते. ताईचं सासर बदलापूरचं. नवरा मुंबईच्या कचेरीत कारकून, बोलायला इतका मऊ की चाळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला देत.

"आवाज चढवतो का तुझ्यावर?" वडिलांनी तिला विचारलं.

"नाही."

"हात उचलतो?"

"नाही."

"मग झालंय काय तुला?"

ताई नुसती पदराचं टोक पिळत बसली.

त्या दिवसांत तिनं वाचनालयातून एक जाडजूड अद्भुत कादंबरी आणली होती. दुपारी ती मला वाचून दाखवायची. मी अकरा-बारा वर्षांची असेन. त्यात एक मांत्रिक होता. तो माणसांचे आवाज काढून घ्यायचा आणि मडक्यांत कोंडून ठेवायचा. अंगावर पांढरं धोतर, बोलणं हळू. आवाज काढण्याआधी तो समोरच्याच्या खांद्यावर शाल घालून विचारायचा, "थंडी वाजते का, बाळ?" राजधानीतली माणसं त्याच्या पाया पडत. ज्यांचे आवाज गेले ते तक्रार करणार कशी? कादंबरी संपते तरी तो मरत नाही. ते पान ताईनं पुन्हा एकदा वाचलं. मला मात्र शेवट मुळीच आवडला नाही.

मग त्याच कादंबरीवरचा सिनेमा उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात लागला. वडील आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. पत्र्याची शेड होती, बसायला बाकडी. पडद्यावरचा मांत्रिक भलताच निघाला. काळा झगा, गळ्यात कवट्या, लालभडक डोळे. तो हसला की वीज कडाडायची. शेवटी राजपुत्रानं त्याचं मुंडकं उडवलं आणि अख्खी शेड शिट्ट्यांनी दणाणली. मीसुद्धा टाळ्या पिटल्या.

परतताना वडील खुशीत होते. "दुष्ट माणूस असा असतो. बघताक्षणी ओळखू येतो."

"पुस्तकात तो असा नाहीये," ताई म्हणाली.

"मग कसा आहे?"

"चांगला दिसतो. सगळ्यांना चांगलाच वाटतो."

"मग तो दुष्ट कसला?" वडील हसले. आई हसली नाही. ती ताईकडे बघत राहिली.

पुढच्याच रविवारी जावई न्यायला आला. वडिलांच्या पाया पडला, माझ्या हातावर पेढे ठेवले. "तिची तब्येत जरा नाजूक आहे, मी सांभाळून घेतो," म्हणाला. ताईची पिशवी त्यानं स्वतः उचलली. ती जाताना रडलीही नाही. वडील म्हणाले, "देवमाणूस आहे हो."

संक्रांतीला आई तिळगूळ घेऊन बदलापूरला गेली, बरोबर मी. दाराला बाहेरून कुलूप होतं. आम्ही मागे फिरणार, तोच खिडकीच्या फटीतून ताईचा आवाज आला. "आई, किल्ली ते नेतात."

"रोज?"

"रोज. कालपासून जेवणही नाही. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. रागावले नाहीत. म्हणाले, आता भूक कशी असते ते तुला कळेल."

शेजारणीकडे जाऊन आईनं वरवंटा मागून आणला आणि कुलपावर घालत राहिली. तिचे हात सोलवटले. कोयंडा निखळला तेव्हा आळीतली माणसं जमली होती. कुणी मदत केली नाही, कुणी अडवलंही नाही. नेसत्या लुगड्यानिशी ताई आमच्याबरोबर आली.

जावयानं कसलाच तमाशा केला नाही. तो भेटेल त्याला खाली मान घालून सांगे, "डोक्यानं जरा कमी आहे ती. माझंच नशीब." बदलापुरात सगळ्यांना ते पटलं. पुढे आमच्या चाळीतही पटलं. बायका पोरांना ताईच्या हातचं काही खाऊ देईनात.

ताई कारखान्यात पेट्या भरायच्या कामाला लागली. वडील तिथलेच मुकादम, पण तिच्याशी ते बोलत नसत. घरातही नाही. काही हवं असलं तर आईला सांगत, आणि आई तिला. दोन खोल्यांच्या त्या घरात, वडील जाईपर्यंत, असंच चाललं.