मामाजी आपल्यातच आहेत

माझी एक फजिती सांगतो, पण आधी चहा संपवा. हसता हसता नाकातून येईल, मग मलाच बोल लावाल.

तर मी डिजिटल चित्रकार. चौकातले फ्लेक्स, मिठाईचे डबे, मोबाईलवरचे गुलाबवाले सुप्रभात, जे जे तुम्ही रोज बघता, त्याच्यावरूनच मला माझी चित्रं सुचतात. कॉलेजात शिकवतोही तेच. पोरांना दरवर्षी ठणकावून सांगतो, लोक अक्षरं मागाहून वाचतात, आधी चित्र वाचतात. आता एवढं कळणाऱ्या माणसानं काय करावं?

सासऱ्यांची पंच्याहत्तरी आली. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. त्यांचे धाकटे भाऊ सुधाकरकाका कुहीला असतात. माझ्या लग्नात त्यांना मानाचा शेला द्यायचा राहिला, तेव्हापासून रुसलेले. मामाजींनी मला बाजूला घेतलं.

"जवाईबापू, आमंत्रण असं बनवा का सुधाकर आलाच पाहिजे. भाऊ नाही तर कायची पंच्याहत्तरी?"

डोळे भरले होते हो त्यांचे.

लागलो कामाला. म्हटलं, ते भडक फुगे, केक, चांदण्या काही नको. आपल्याला अभिरुची आहे की नाही? मामाजींचा काळापांढरा फोटो, मंद प्रकाश, भोवती पांढरा मोगरा, कोपऱ्यात एक समई. खाली अगदी बारीक अक्षरांत, 'पंच्याहत्तर वर्षांचा प्रवास. रविवारी सकाळी घरी यावे.' वाढदिवस हा शब्दच गाळला. चित्रानं बोललं पाहिजे ना!

आणि चित्र बोललं. शनिवारी संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, रविवारी सकाळी बघतो तर जोडलेल्या हातांची रांग. 'ओम शांती.' 'परवाच तर बर्डीच्या बाजारात भेटले होते.' 'देवमाणूस गेला.'

"अहो, जित्या माणसाले मारलं तुम्ही," बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "लिहा ना लवकर काहीतरी."

घाईघाईत मी लिहिलं, 'मामाजी आपल्यातच आहेत.'

लगेच उत्तर आलं, 'हो जी. देह जाते, माणूस जात नाही.'

मामाजी तर्री-पोहे हाणून राहिले होते, मग पुरावा म्हणून तसाच त्यांचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. त्यावर मावशींनी लिहिलं, 'किती आवडीनं खायचे बिचारे.' फोन लावावा, तर सगळे एकमेकांना ही बातमी सांगण्यात गुंतलेले. आता बोला.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. कुहीची सगळी मंडळी, पांढऱ्या कपड्यांत. पुढे सुधाकरकाका, "दादा, मले माफ कर गा," म्हणत रडून राहिलेले. दार उघडलं मामाजींनीच, नवा कुर्ता घालून.

काका जागच्या जागी थिजले.

"आला का रे?" मामाजी म्हणाले. "काहून रडून राहिला? ये, पोहे खा."

काकांनी भावाला असं कवटाळलं की दोघंही लहान पोरांसारखे हुंदके द्यायला लागले. मलाही राहवलं नाही. पण डोळे पुसून काकांनी मोबाईल पुढे धरला. "हे कोणं बनवलं?"

"आमच्या जवाईबापूनं," मामाजी छाती फुगवून म्हणाले. "कॉलेजात हेच शिकवतात."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पोह्यांची प्लेट घेतली.

मंडळी जेवून निघाल्यावर मामाजींनी मला पुन्हा बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. "जवाईबापू, तुमचे उपकार विसरणार नाही. पण मी खरंच जाईन ना, तेव्हा तुम्ही काही बनवू नका जी. लोक केक घेऊन येतील."