कोळसुंद्याचा जबडा

चूक माझी होती. ती मी दुसऱ्याच्या माथी मारली आणि वर सही केली.

पन्नास सालानंतरच्या वर्षांत मी चांद्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. कोळसुंदा, म्हणजे आपला रानकुत्रा, दिसायला कुत्राच. पण शास्त्र त्याला कुत्र्याच्या वंशात बसवत नाही. गावकुत्र्याच्या खालच्या जबड्यात दर बाजूला तीन दाढा असतात, कोळसुंद्याला दोनच. मुख्यतः तेवढ्यावरून त्याचा वंश वेगळा, नाव वेगळं. शहरातल्या एका संग्रहालयाला आमच्या भागातल्या कोळसुंद्याची कवटी हवी होती. मला वाटलं, कुठेतरी कोपऱ्यात आपलंही नाव छापून येईल.

कवटी मिळाली ती मोहर्लीकडच्या एका वाटाड्यामुळे. पन्नाशीचा गोंड माणूस. वनखात्याचे साहेब जंगलात आले की पुढे चालायला त्यालाच बोलवत. सांबराच्या लाथेने मेलेल्या कोळसुंद्याचं मुंडकं पळसाच्या पानांत बांधून तो माझ्या दारी पायी आला.

असल्या कामासाठी बायकोने मला एकच गंज दिला होता, जर्मनचं पोचे पडलेलं पातेलं. त्यात मी ते मुंडकं आणि तुलनेसाठी आणलेलं मेल्या गावकुत्र्याचं, अशी दोन्ही एकदमच उकळायला टाकली. मांस सुटलं तसे खालचे जबडेही सुटले. मी ते कवट्यांना सुतळीने बांधले, चिठ्ठ्या लावल्या, कुत्र्याची कवटी घरी ठेवली आणि कोळसुंद्याचं पार्सल रवाना केलं. दाढा मोजल्या नाहीत. इतरांना मोजायला शिकवणारा मी, आणि मोजल्या नाहीत.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. खालच्या जबड्यात तीन-तीन दाढा आहेत, नमुना गावकुत्र्याचा दिसतो, पाठवण्यापूर्वी खात्री करत जावी.

मी पेटलो. बाजाराच्या दिवशी वाटाड्याच्या गावी गेलो आणि भर बाजारात त्याला धरलं. “गावचं कुत्रं माझ्या गळ्यात बांधलंस?”

“काऊन गुरुजी? मले कुत्रा न् कोळसुंदा वळखू येत नाई काय? इथी पोट्ट्यायले पण समजते.”

“तीन दाढा निघाल्या त्याला!”

“मंग तुमच्याच घरी वाढली असन एक.”

लोक खो खो हसले. ते हसू मला झोंबलं. घरी येऊन मी वनखात्याच्या रेंज ऑफिसला पत्र लिहिलं : हा माणूस विश्वासाचा नाही. पुढच्या हंगामात साहेबांपुढे दुसराच वाटाड्या चालत होता.

वर्षभराने वर्गात दाखवायला मी घरातली गावकुत्र्याची कवटी काढली. बोट ठेवून दाढा मोजू लागलो. दोन. पुन्हा मोजल्या. दोनच. जबडा खोबणीत नीट बसतही नव्हता, नुसता सुतळीने ओढून धरला होता. गाठ माझीच होती.

संग्रहालयाला लिहिलं, नमुना केव्हाच फेकला, असं कळलं. रेंज ऑफिसला तीन पत्रं लिहिली. तेवढ्यात राज्यांच्या पुनर्रचनेत आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. इथला कारकून म्हणे जुन्या फायली नागपूरला गेल्या, नागपूरचा म्हणे चांद्यालाच असतील. नवे साहेब म्हणाले, “एका वाटाड्यासाठी एवढं काय घेऊन बसलात, गुरुजी?” त्याचं काम घालवायला माझा एक कागद पुरला होता. तो कागद मागे घ्यायला मात्र कितीही कागद अपुरे पडत होते. मी चिडत होतो, फेऱ्या मारत होतो. खरं सांगायचं तर त्या फेऱ्या मला सोयीच्याही होत्या. त्या चालू होत्या तोवर त्या माणसासमोर उभं राहावं लागत नव्हतं.

शेवटी गेलो. तो अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होता. त्याची बायको मला बघून म्हणाली, “आता कोणाचं मुंडकं पायजे, गुरुजी?” तो नुसतं “बसा” म्हणाला. मी बसलो नाही. खोटं चार माणसांत बोललो होतो, म्हणून शेजारच्यांना हाका मारल्या आणि ते जमेपर्यंत थांबलो.

मग म्हणालो, “भाऊ, तुम्ही आणलेला कोळसुंदाच होता. जबडे मी बदलले, न मोजता. तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं, तुमचं काम घालवलं, आणि कळल्यावरही तुमच्याकडे यायचं सोडून ऑफिसांना पत्रं लिहीत बसलो. ते काम परत आणणं माझ्याच्याने झालं नाही. मला माफ करा.”