धाब्यावरची तीन वर्षांची माती

सन १८६४. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. शाळेत दोन पावसाळे गेलो, तेवढंच. अक्षर वाकडं आहे, पण जे लिहितो ते माझ्या हातून झालेलं आहे, कोणाचं ऐकलेलं नाही.

आमचं गाव तिवश्याकडे, अमरावती गाडीनं दोन दिवसांची वाट. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. सागाच्या तुळया, त्यांवर तुराट्या, तुराट्यांवर पळसाची पानं आणि सगळ्यांवर नाल्यातली खारी माती. तिच्यातून पाणी उतरत नाही. रोहिण्या लागल्या की आमच्याकडे वादळं सुटतात, म्हणून त्याआधी दरवर्षी धाबं करायचं. आधी जुनी माती खरडून खाली टाकायची, मग नवी चढवायची. बापाजवळ एक बाभळीची काठी होती, तिला टोकापासून वीतभरावर खाच. काठी धाब्यात खुपसायची. खाच बुडली की माती जास्त झाली, खरडा.

बाप गेला त्याच सुमारास कापसाला असा भाव आला की म्हाताऱ्यांनीही ऐकला नव्हता. साता समुद्रापार कुठं लढाई लागली आहे म्हणत. माझी गाडी पौषापासून अमरावतीच्या वाटेला लागायची ती वैशाख उतरेपर्यंत. गावातले मजूर तिकडेच गठ्ठे बांधायला गेलेले. माती चढवणं दोन दिवसांचं काम, खरडणं आठ दिवसांचं. मी नुसती चढवली. पुढच्या वर्षीही तेच. दोन्ही पावसाळ्यांत गावात सगळ्यांत कोरडं घर माझं होतं. मला त्याचा ताठा होता. बापाच्या काठीला मी खाचेपाशीच तासून टोक काढलं आणि बैलांना टोचायची पराणी केली.

तिसऱ्या वर्षी रोहिण्यांच्या तोंडावर बायको बाळंत झाली. मुलगी. मायनं कडबा दोरानं आवळला, गोवऱ्या आत घेतल्या, कणगी शेणानं लिंपली. मग माझ्यापाशी आली.

"यंदा खरड बाप्पा. बाळंतीण हाय घरात."

"गळून राह्यलं काय?"

"गळत नाई, त्याचंच भ्या वाटते. दुपारी आंग टाकलं का तुळई करकरते."

"आता तुले तुळयाबी बोलाले लागल्या."

आतून बायको हसली. माय हसली नाही. "तुया बापाची काठी कुठी हाय?"

मी पराणी पुढं केली. तिनं टोकावरून अंगठा फिरवला आणि परत दिली.

शेजारचे म्हातारे काका ओट्यावरून बोलले, "वयनी, तो आता कापसाचा शेठ हाय. त्याले मातीचं काय सांगता?"

त्या चिडीत मी खरडलं तर नाहीच, उलट दरवर्षी चार गाड्या चढवायचो त्या सहा चढवल्या. वरून पायानं तुडवून काकांना म्हटलं, "या, नाचून पाहा." ते आले नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळ सरता सरता पश्चिमेकडून धूळ उठली. मी गोठ्याच्या गवती छपरावर दोर टाकत होतो. पाऊस आडवा आला आणि थांबेना. माय बाळंतिणीला हाताला धरून, पोर पदराखाली घेऊन गोठ्यात आली.

"इथं कावून आणलं?" मी ओरडलो. "हे छप्पर उडून जाईन."

"उडू दे. भिजतीन, मरणार नाईत."

तिनं दोघींना कडब्याच्या आडोशाला बसवलं. पोर गार पडायला लागलं होतं. शेगडी आतल्या खोलीत राहिली होती. "आणतो," मी म्हटलं. ती म्हणाली, "तू दोर सोडू नको." आणि गेली.

आवाज फार मोठा झाला नाही. भरलं पोतं पाठीवरून खाली टाकावं तसा. आतल्या खोलीचं धाबं बसलं होतं. काका आले, अजून दोघे आले. चिखल कुदळीला चिकटत होता, म्हणून हातानंच ओढला. ती सापडली तेव्हा शेगडी तिच्या अंगाखाली होती. पाऊस थांबला. ओल्या लाकडांवर तूप ओतून दिवस बुडायच्या आत तिला अग्नी दिला.

गोठ्याचं छप्पर उडालं नाही.

सकाळी मी बाभळीची फांदी तोडली, वीतभरावर खाच केली आणि शिडी लावून ओसरीवरच्या उरलेल्या धाब्यावर चढलो. काठी खुपसली. खाच बुडाली, तिच्यावर आणखी माझा हात कोपरापर्यंत गेला.

खालून काका म्हणाले, "उतर बाप्पा. सुतक हाय. काम करत नाईत."

मी फावडं मागितलं. त्यांनीच आणून वर दिलं. मी खरडायला लागलो.