तळ्याकाठची पहिली पोळी

नीलांबरी सहल आखायला बसली की आधी माणूस कुठे कुठे मरू शकेल ते शोधते. आम्ही नेपरव्हिल गावातली काही मराठी कुटुंबं दर मे महिन्यात कोलोरॅडोच्या डोंगरांत जातो, आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना झेपतील अशा वाटा शोधायचं काम तिच्या गळ्यात असतं. वसंत म्हटलं की लोकांना फुलं आठवतात. तिथला वसंत मारकुटा असतो. उन्हाने पोकळ झालेला बर्फ झाडांसकट खाली कोसळतो, कालपर्यंत गुमान वाहणारा ओढा आज पूल उखडून नेतो, सुटलेले धोंडे वाटेवर येऊन आदळतात. स्वतः आदल्या दिवशी चालून पाहिल्याशिवाय ती कुणाला वाटेवर पाऊल ठेवू देत नाही. ऑफिसात ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे, चुका काढणं हाच तिचा धंदा. आम्ही तिला हसतो आणि निमूट तिच्याच मागून चालतो.

यंदा तिच्या सासूबाई, शरयूकाकू, नागपूरहून आल्या होत्या. गुडघे कुरकुरणारे, जीभ धारदार. "फिरवायला नेतेस की पोचवायला?" असं त्यांनी डेन्व्हरच्या विमानतळावरच विचारलं. त्यात नणंद नेत्राने फोनवर दम भरला होता, "आईला काही झालं ना वहिनी, तर तुला सोडणार नाही." नीलांबरीने फोन ठेवला. मला म्हणाली, "इला, आईंना त्यांच्या पायांनी परत नेते बघ. मग कुणाची बोलायची टाप होणार नाही."

तिने तळ्याकाठची सपाट वाट निवडली. बर्फाचा उतार दूर, ओढा दूर, दमल्यावर टेकायला बाक. वाटेच्या तोंडाशी मूसचं, म्हणजे तिथल्या अजस्र हरणाचं, चित्र असलेली पाटी होती. चित्रातल्या नराला भलीमोठी शिंगं होती. नीलांबरीने सगळ्यांना थांबवलं. "हे जनावर घोड्याहून उंच असतं. दिसलं तर लांब राहायचं आणि झाडाआड जायचं." काकूंनी शिंगांकडे बघून मान डोलावली.

बाकांवर डबे उघडले. काकूंकडे जेवणाआधी पहिली पोळी गाईला जाते. नेपरव्हिलला दाराशी गाय कुठली यायला? त्या ती पोळी अंगणात पक्ष्यांना घालत आणि रोज हळहळत. आम्ही ताटल्या वाटत होतो, तेवढ्यात पलीकडच्या झुडपांतून मूसची मादी बाहेर आली. शिंगं नाहीत, लांब कान, पायांशी थरथरतं तांबूस पिल्लू. "ओली बाळंतीण आहे गं बिचारी," असं म्हणत काकू पोळी घेऊन थेट तिच्याकडे निघाल्या. त्या वेळी बरे त्यांचे गुडघे कुरकुरले नाहीत!

मादीने कान मागे पाडले. मानेवरचे केस ताठ उभे राहिले.

"आई, मागे या!" नीलांबरी ओरडली आणि धावत सुटली.

जनावरही सुटलं. नीलांबरीने काकूंना असं ढकललं की त्या पाइनच्या खोडामागे जाऊन पडल्या. मग ते खूर तिच्यावर आले. पहिला खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती पडली तरी मादी थांबेना. पाठीवर, बरगड्यांवर, डोकं झाकलेल्या बोटांवर पुन्हा पुन्हा पुढचे पाय आपटत राहिली. गवत लाल झालं. आम्ही किंचाळत होतो, माझा नवरा अनीश जॅकेट फिरवत होता. शेवटी पिल्लू झुडपात शिरलं, तेव्हा कुठे ती त्याच्यामागे गेली.

आणि केदार, नीलांबरीचा नवरा? तो फोन समोर धरून उभा होता. आई पोळी घेऊन निघाली तेव्हाच त्याने गंमत म्हणून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं, ते बंदच केलं नाही. त्या क्षणी मला त्या मादीला परत बोलवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तो अनीशला व्हिडिओ दाखवत होता. "डेंजरस होतं यार. पण बघ, किती क्लिअर आलंय."

काकू बाकावरून उठल्या आणि एवढ्या थोराड लेकाच्या त्यांनी खाडकन थोबाडीत मारली. फोन फरशीवर आपटला. "ते जनावर त्याच्या लेकरासाठी धावलं. ही माझ्यासाठी धावली. तू काय करत होतास रे?" नर्स धावत आली. केदार गाल धरून उभा राहिला. मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

काकू आत गेल्या. ऑपरेशन होऊन नीलांबरीला नुकतंच खायला परवानगी मिळाली होती. काकूंनी डबा उघडला, पहिली पोळी घेतली आणि तुकडा मोडून तिच्या सुजलेल्या ओठांशी धरला.

"आई, ही गाईची," नीलांबरी कशीबशी म्हणाली.

"गप. खा."

तेवढ्यात नेत्राचा फोन आला. नीलांबरीच्या डोळ्यांत भीती दिसली, बरगड्या मोडूनही भीती नणंदेचीच. काकूंनी फोन उचलला.

"मी माझ्या पायांनी चालत आलेय. जिने मला नेलं, तिला उचलून आणावं लागलं. आता बोल नेत्रा, काय बोलायचंय ते."